उत्तरामावशी आणि भिंतीबाहेरचा नळ

ते पुस्तक मावशीच्या हातात मी दिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात कुणाचं किती चुकलं याचा विचार करायला बसले की मला दर वेळी तिथूनच सुरुवात करावी लागते.

डोंबिवली पूर्वेला आमचं जुन्या पुस्तकांचं छोटं दुकान आहे. बाबांनी काढलं, आता मी बघते. उत्तरा कारखानीस ही माझ्या आईची धाकटी बहीण. टेलिफोन खात्यात तिची चौतीस वर्षं नोकरी झाली, आणि त्यातली सुरुवातीची दहा वर्षं ती ऑपरेटर होती. ट्रंक कॉल लावून देता देता तिचा आवाज असा घडला होता की साधी भाजीची यादी वाचली तरी माणूस ऐकत राही. शब्द सुटा, घाई नाही, आणि पुढे काय येणार याची किंचित ओढ लावणारा. वर्तकनगरच्या कॉलनीत तिने संसाराची एकतीस वर्षं काढली. काका गेले, मुलगा नील नोकरीसाठी बंगळुरूला गेला, आणि इमारत पाडायला निघाली तेव्हा तिने तिथली जागा विकून बाळकुमला एका एकवीस मजली इमारतीत चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. इमारतीचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात.

मावशी वाचायची खूप, पण कादंबऱ्या नाही. प्रवासवर्णनं, चरित्रं, आठवणी. घडलेलं वाचून संपत नाही तर न घडलेलं कशाला वाचायचं, असं तिचं म्हणणं. गेल्या वर्षी संक्रांतीला ती आमच्याकडे आली होती. मी गिऱ्हाइकाशी बोलत होते तोवर तिने रद्दीतून आलेल्या गठ्ठ्यातलं एक निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक उचललं. ‘कोरडा जिना’. लेखकाचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. कल्याणच्या एका छापखान्यातून स्वतःच्या खर्चाने काढलेलं असावं. कुणी विचारत नाही, घेऊन जा, असं मी म्हणाले आणि विसरून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होते तेव्हा तिचा फोन आला. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि आपल्याला पत्ताही नाही, असं ती हसत हसत सांगत होती. तिच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मालनबाईंनी दार उघडल्या उघडल्या वास घेतला, धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मावशी तेव्हा बाहेरच्या खोलीत दोनशे सहाव्या पानावर होती. रात्रभर झोपलीच नव्हती म्हणे. चौसष्टाव्या वर्षी आपल्याला एखादं पुस्तक असं धरून ठेवेल यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. मला म्हणाली, अजून सहा प्रती पाठव.

सहा कुठल्या मिळायला. छापखाना कधीच बंद झाला होता. मालकाच्या घरी माळ्यावर एकच प्रत निघाली, ती मी आणली आणि वाचून काढली. तिची चूक नव्हती. पुस्तक खरोखरच सोडवत नव्हतं.

खाडीकाठच्या एका शहराची ती गोष्ट. उंच उंच इमारती, आणि एक दिवस पाणी यायचं थांबतं. का थांबलं ते शेवटपर्यंत कळत नाही. एका इमारतीत एक व्यवस्थापक नावाचा माणूस पुढे होतो. हुशार, शांत, कुणावर न ओरडणारा. तो प्रत्येकाची नोंद करतो, आतला कोण आणि बाहेरचा कोण, आणि मग जिन्याला कुलूप लावतो. पुस्तकाच्या मध्यापर्यंत त्याचं सगळं बरोबर ठरतं. शेजारच्या इमारतींत मारामाऱ्या, इथे मात्र शिस्त, आणि टाकीत पाणी. पण कुलूप लावायची सवय झालेली असते. आधी रखवालदार बाहेरचे ठरतात, मग भाडेकरू, मग म्हातारी माणसं. शेवटी गच्चीवर टाकी काठोकाठ भरलेली असते आणि तिच्या सावलीत तेरा माणसं एकमेकांकडे पाठ न फिरवता बसलेली असतात.

मावशीने सोसायटीत वाचन सुरू केलं. दर बुधवारी दुपारी चार वाजता, क्लबहाऊसमध्ये. पहिल्या बुधवारी आठ बायका आल्या. बुधवारी जे वाचायचं ते ती आदल्या दोन दिवसांत घरी मोठ्याने वाचून बघायची, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. आत मालनबाई पोळ्या लाटत असायच्या. मालनबाई मूळच्या माण तालुक्यातल्या. नवऱ्याला इकडे वॉचमनची नोकरी लागली म्हणून आल्या, तो वारल्यावरही इथेच राहिल्या. नऊ वर्षं मावशीकडे होत्या. मावशीच्या आधीच्या घरीही त्याच.

होळीपर्यंत चाळीस माणसं येऊ लागली. नोकरीवाले रजा टाकून. दुसरी प्रत माझ्याकडे, आणि मावशी आपली प्रत कुणाला हात लावू द्यायची नाही, त्यामुळे पुढे काय होतं हे कळायचा मार्ग एकच, तिचा आवाज. फोनवर मला सांगताना तिच्या बोलण्यात असं काही चढत जायचं की मला तिची नोकरीतली वर्षं आठवायची. सगळ्या तारा पुन्हा तिच्या हातात आल्या होत्या.

मागच्या रांगेत बसणारा एकजण म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी विनीत. पंचेचाळिशीचा, एका कंपनीत मालवाहतुकीचं नियोजन बघणारा. माणूस वाईट नव्हे. दोन वर्षांपूर्वी मावशीच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा पहाटे पाच वाजता स्वतःच्या गाडीतून तिला नेणारा तोच, आणि नील येईपर्यंत बाकावर बसून राहिलेलाही तोच. त्याला तो व्यवस्थापक फार आवडला होता. मावशीला म्हणायचा, काकू, यात नुसती गोष्ट नाही, यात पद्धत आहे.

एप्रिलच्या मध्यावर वाचन बरोबर अर्ध्यावर आलं. जिन्याला कुलूप लागतं, बाहेर माणसं जमतात, आत लोक टाळ्या वाजवतात, आणि टाकीची पातळी त्या आठवड्यात पहिल्यांदा खाली जात नाही. तिथे मावशीने पुस्तक मिटलं. मुलांच्या सुट्ट्या, लोक गावाला जाणार, म्हणून उरलेलं जूनमध्ये, असं जाहीर केलं. खरं कारण तिने मला सांगितलं: तगमग होऊ दे त्यांची. विनीत पुस्तक मागायला घरी आला होता, त्यालाही तिने दिलं नाही. तिला ते खेळासारखं वाटत होतं. मलाही वाटलं.

एप्रिलच्या शेवटी मी दोन दिवस तिच्याकडे राहायला गेलेले. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर सातव्या मजल्यावरची उर्वी चढली, आठेक वर्षांची, हातात बॅडमिंटनची रॅकेट. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही आतल्या की बाहेरच्या?”

पुस्तकात व्यवस्थापक हाच प्रश्न विचारतो. मी हसले. मावशीला सांगितलं तर तीही हसली, बघ म्हणाली, एवढीएवढी पोरंसुद्धा. पण संध्याकाळी खाली उतरताना मला जिन्याच्या प्रत्येक वळणावर निळी पिंपं दिसली. नवव्या मजल्यावरच्या रसिकाने बाल्कनीत पाचशे लिटरच्या दोन टाक्या बसवल्या होत्या, आणि तिथला कठडा कलल्यासारखा वाटत होता. गेटवरच्या केबिनमध्ये एक यादी लावलेली होती. कामाच्या बाया, ड्रायव्हर, इस्त्रीवाला, कोण कुठल्या घरी, किती वेळ. वर ठळक लिहिलं होतं: जलसुरक्षा समिती. अक्षर मावशीचं होतं. तिचं अक्षर सुंदर, सोसायटीतल्या सगळ्या सूचना तीच लिहायची. मी विचारलं, पाणी तर रोज येतंय, मग हे कशासाठी? ती म्हणाली, विनीतचा उत्साह आहे, असू दे. लोक पुस्तकामुळे काही करतायत हे किती वर्षांत पाहिलंय आपण?

त्या इमारतीमागे भिंतीला लागून नऊ घरं आहेत, जुन्या बाळकुम गावातली. इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्यातल्याच दगडू भोईरांच्या वडिलांची. जमीन विकताना एक बोलणं झालेलं होतं, तोंडी. शेतातली विहीर बिल्डर आत घेणार, पण तिच्यावर पंप बसवून भिंतीबाहेर एक नळ काढून देणार. तसा तो काढलाही होता. गावातल्या पाइपला पाणी बारीक यायचं, म्हणून ती नऊ घरं वीस वर्षं या नळावर भरत होती. मालनबाई दगडूंच्याच एका खोलीत भाड्याने राहायच्या.

मे महिन्यात पाणीकपातीची सूचना आली. मुख्य पाइपलाइनचं काम, म्हणून एक दिवसाआड पाणी, तीन आठवडे. ठाण्यात कुणाला हे नवीन नाही. आजूबाजूच्या इमारतींनी टँकर सांगितले आणि विषय संपला. मावशीच्या सोसायटीत रविवारी सकाळी सभा बोलावली गेली.

त्या सभेचं मावशीने मला चारपाच वेळा तरी सांगितलं आहे, आणि दर वेळी अगदी तेच. विनीत उभा राहिला. विहिरीचं पाणी आपल्या हद्दीतलं आहे, पंपाची वीज आपली आहे, आणि कपात संपेपर्यंत बाहेरचा नळ बंद ठेवावा, असा ठराव त्याने मांडला. मागचं गेटही कुलूप लावून बंद. घरातून कामवाल्यांना पाणी भरून देणंही बंद. कुणीतरी म्हणालं, तीन आठवड्यांसाठी एवढं कशाला. तेव्हा विनीतने मावशीकडे पाहिलं.

“पहिल्याच आठवड्यात ज्यांनी दार लावलं, ते तरले,” तो म्हणाला. “हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. आपण सगळ्यांनी मिळून ऐकलंय.”

मावशी उठली.  ती म्हणाली, “विनीत, गोष्ट अजून संपलेली नाही.”

लोक हसले. त्यांना वाटलं, ही नेहमीसारखी ताणून धरतेय. कुणी म्हणालं, काकू, जूनपर्यंत थांबतो की आम्ही. आणि सगळे हसताहेत म्हणून मावशीही हसली आणि खाली बसली. पुढची शंभर पानं तिला तोंडपाठ होती. ती दोन मिनिटांत सांगता आली असती. ते सांगितलं असतं तर जूनमध्ये ऐकायला कोण आलं असतं, हा विचार त्या क्षणी आपल्या मनात आला होता, हेही तिने मला सांगितलं. तिने ठरावाच्या बाजूने हात वर केला नाही आणि विरोधातही केला नाही. ठराव मंजूर होऊन सभा उठल्यावर विनीतने कोरा कागद आणि मार्कर आणून दिला, आणि सवयीने तिने घरी जाऊन आधी कच्ची, मग पक्की सूचना लिहिली.

सोमवारी नळ बंद झाला.

मालनबाई दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, भाजी चिरायला बसल्या. हातांना दोऱ्यांचे वळ होते. कोलशेत रोडवरून कॅन ओढत आणत होत्या. मावशीने आपल्या नळाचे दोन कॅन भरून दिले आणि घेऊन जा म्हणाली. गेटवर वॉचमनने अडवलं. पाणी बाहेर न्यायचं नाही, यादीखाली लिहिलेलं होतं. मालनबाईंनी वाद घातला नाही. दोन्ही कॅन केबिनपाशी ठेवले आणि चालू लागल्या.

बुधवारी सकाळी दगडू भोईर स्वतः गेटवर आले. सत्तरी उलटलेली, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. सूचना कुणी लिहिली ते विचारत होते. वॉचमनने इंटरकॉम केला म्हणून मावशी खाली गेली. दगडूंनी फलकाकडे बोट केलं.

“बाय, या अक्षर तुजा हाय का?”

मावशी हो म्हणाली.

“आमचे बापाचे शेतान तुमची बिल्डिंग उभी हाय. विहीर त्यानीच खनली. आन् आता तिचा पानी आमाला नाय?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते खरोखर विचारत होते. मावशी म्हणाली की मी समितीशी बोलते. तिने विनीतला फोन लावला. तो कामाच्या गडबडीत होता, पण नीट बोलला. एकदा अपवाद केला की सगळं ढासळेल, काकू, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. मावशीलाही वाटलं, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास, दगडू भोईर घागर आणि दोर घेऊन मागच्या भिंतीवरून आत उतरले. विहीर जनरेटरच्या मागे आहे, तोंडावर लोखंडी पत्रा टाकलेला. पत्रा बाजूला सरकवण्यासाठी ते त्यावर एक पाय देऊन वाकले तेव्हा वॉचमनने शिट्टी मारली. ते शिट्टीने दचकले की पत्रा आधीच कुजलेला होता, हे नंतर चौकशीतही नक्की झालं नाही. पत्रा आत गेला आणि त्याच्याबरोबर तेही.

ओरडा भिंतीपलीकडे ऐकू गेला. त्यांचा पुतण्या आनंदा, मालनबाई आणि घरातली माणसं शिडी, दोरखंड घेऊन मागच्या गेटकडे धावली. गेटला नवीन कुलूप, किल्ली ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली विनीतबरोबर ऐरोलीला, त्याच्या कंपनीत. माणसं वळसा घालून पुढच्या गेटवर आली. एवढा घोळका धावत येताना पाहून तिथल्या वॉचमनने ते गेटही आतून लावून घेतलं. भिंत चढून आनंदा आत उतरला, पण शिडी लांब होती, ती भिंतीवरून येईना. बाल्कन्यांमध्ये माणसं उभी होती. काहीजण मोबाइलवर चित्रण करत होते. खाली कुणी आलं नाही, कारण काय चाललंय हे वरून त्यांना ओळखीचं वाटत होतं. रसिकाने पुढे मावशीपाशी कबूल केलं: बाहेरचे आत घुसतायत, असंच वाटलं.

मावशी दुपारची पडली होती. तिला जाग आली ती मालनबाईंच्या हाकेने. नऊ वर्षांत त्या बाईचा आवाज तिने कधी एवढा मोठा ऐकला नव्हता. ती लिफ्टने खाली आली, तशीच अनवाणी. वॉचमनला म्हणाली, गेट उघड. तो बिचारा घामाने डबडबला होता. म्हणाला, मॅडम, यादीत नाहीत हे लोक. मावशीने त्याला बाजूला ढकललं आणि कडी स्वतः ओढली. तोवर पस्तीस मिनिटं गेली होती.

दगडूंना वर काढलं तेव्हा ते शुद्धीवर होते. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि एवढा वेळ ते छातीभर पाण्यात विहिरीच्या भिंतीतला दगड धरून होते. हॉस्पिटलमध्ये फुप्फुसात संसर्ग झाला आणि अकराव्या दिवशी ते गेले.

पडले त्याच्या दुसऱ्याच सकाळी विनीतने स्वतः जाऊन बाहेरचा नळ सुरू केला. सूचनेचा फलक उतरवला गेला. दगडू गेल्यावर पोलीस आले तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं: नळ दुरुस्तीसाठी बंद होता, म्हातारा चोरून आत शिरला, गेट वॉचमनने आपल्या अकलेने लावलं. ठरावाचा कागद सापडला नाही. वॉचमनची नोकरी गेली. मावशीला कुणी काही विचारलंच नाही. ती एकटी राहणारी म्हातारी बाई, दुपारी झोपलेली होती, असं गृहीत धरलं गेलं.

मावशी दोन दिवस घरात बसली. तिसऱ्या दिवशी रिक्षा करून पोलीस स्टेशनला गेली आणि जबाब दिला. सभा कधी झाली, कोण काय म्हणालं, किती हात वर झाले, आणि सूचना आपल्या हाताची. सूचनेचा कच्चा कागद तिच्या टेबलाच्या खणात राहिला होता, तोही दिला. मला तिने परत आल्यावर फोन करून सांगितलं. आवाज नेहमीचाच होता, सुटा सुटा.

त्या संध्याकाळी विनीत तिच्याकडे आला. खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, “काकू, मी काय मुद्दाम केलं का?”

“नाही केलंस,” मावशी म्हणाली. “मीही मुद्दाम नाही केलं. तेच लिहून दिलंय.”

तो उठून गेला. त्या पुस्तकात पुढे काय होतं, हे त्याने तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही.

दगडूंचं दिवसकार्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मालनबाई आल्या. चपला दाराबाहेर काढल्या, पण आत आल्या नाहीत. मावशीच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची, ती त्यांनी हातात दिली. मावशी म्हणाली, मालन, बस तरी. त्या उभ्याच राहिल्या.

“काकू, तुम्ही मोठ्यानं वाचायचा तेव्हा मी आत पोळ्या करत असायची,” त्या म्हणाल्या. “मला सगळी गोष्ट माहितीय. शेवटची पानं पण तुम्ही सुट्टी लागल्यावर घरी वाचून बघितलीत, तेव्हा भांडी तशीच ठेवून ऐकत बसले होते. आमच्या गावाला मी असंच बघितलंय, विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकून बसलेली माणसं. मला वाटलं, मिटिंगमध्ये काकू सांगतील. त्यांना तर पुढचं माहितीय.”

मावशीने काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. तिने सांगितलं नाही. 

जूनच्या पहिल्या बुधवारी मावशीने ठरल्याप्रमाणे वाचन ठेवलं. उरलेलं सगळं एका बैठकीत वाचणार, असं स्वतःच्या हाताने लिहून तिने लिफ्टमध्ये कागद लावला. चार वाजता क्लबहाऊसला दुरुस्तीसाठी बंद अशी पाटी होती. ती बाहेरच्या बाकावर पुस्तक मांडीवर घेऊन बसली. खेळणाऱ्या मुलांना आयांनी वर बोलावून घेतलं. साडेचारला रसिका आली, बाकाच्या टोकाशी उभी राहून म्हणाली की काकू, नका वाचू, पोरं घाबरतात. मग ती मावशीच्या शेजारी बसली आणि रडली. मावशीने पुस्तक पिशवीत घातलं. त्या इमारतीतल्या चाळीस माणसांसाठी ती कादंबरी अजूनही टाळ्यांपाशीच थांबलेली आहे.

नील आला होता. चल माझ्याकडे, म्हणाला, इथे काय राहिलंय तुझं. मावशीने नाही म्हटलं. केस उभी राहिली की साक्षीला बोलावतील, आणि बंगळुरूहून यायला जमलं नाही असं कुणाला म्हणता यायला नको. लिफ्टमध्ये ती शिरली की बोलणं थांबतं. दिवाळीला तिच्या दारात फराळाचं एकच ताट आलं, तेही झाकून, आणि कोणी ठेवलं ते समजलं नाही.

बाहेरचा नळ तेव्हापासून चालू आहे, पण रोज सकाळी तो उघडायचा म्हणजे आतल्या पाइपवरची एक चावी फिरवावी लागते, आणि ती फिरवायला कधी कधी कुणी विसरतं. दिवाळीनंतर असं दोनदा झालं. तेव्हापासून मावशी रोज सहाला खाली उतरते, पंपाची खोली उघडून घेते, चावी फिरवते आणि वळसा घालून भिंतीबाहेर नळापाशी जाऊन उभी राहते. आठपर्यंत. त्या नऊ घरांतल्या बाया येतात, भरतात, जातात. तिच्याशी कुणी बोलत नाही. मालनबाई आता कोलशेतला दोन घरी कामाला जातात. त्याही येतात. एकदा मी मावशीबरोबर होते. मालनबाईंनी हंडा लावला, तो भरेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिल्या, भरला तसा उचलला. मावशी बाजूला सरकली, एवढंच. परत येताना मी म्हटलं, किती दिवस करणार आहेस हे? तिने मला विचारलं की आज पाण्याला जोर कमी वाटला का तुला.

निवडणुकीत विनीत बिनविरोध आला. गेटवरची कागदी यादी गेली, आता सगळं मोबाइलवर असतं. कामाला येणाऱ्या बायांचे फोटोही त्यातच. समितीवरच्या केसची तारीख दोनदा पुढे गेली आहे. त्या दिवशीचं चित्रण ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते पुसून टाकलं असं म्हणतात. मावशीने लिहिलेला तो कच्चा कागद आणि तिची जबानी, एवढंच शिल्लक आहे, आणि समोरच्या बाजूच्या एका माणसाने तिचं वय किती, स्मरणशक्ती कशी, अशी चौकशी केल्याचं तिच्या कानावर आलं आहे.

परवा तिचा फोन आला. यंदाच्या पाणीकपातीची सूचना लागली आहे. रविवारी दहा वाजता सभा आहे आणि विषयपत्रिकेतला चौथा विषय ‘बाहेरील पाणीवापर’ असा आहे. कागद टाइप केलेला आहे, तिला कुणी लिहायला सांगितलं नाही. ती पहिल्या रांगेत बसणार आहे. तुझ्या बाजूने कोण आहे, असं मी विचारलं. 

“रसिका येते म्हणालीय,” ती म्हणाली. “बघू.”

रविवारी मी दुकान बंद ठेवून ठाण्याला जाणार आहे. मला सभेत बसू देणार नाहीत, मी तिथली सभासद नाही. गेटवर नाव आणि फोन नंबर सांगून खालीच थांबावं लागेल.